निर्णयाआधी पाहणी : ग्रामीण उद्योगासाठी संशोधनपद्धतीची तोंडओळख

वाशिम जिल्ह्याची निर्मिती १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याच्या विभाजनातून झाली. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, मानोरा आणि कारंजा हे या जिल्ह्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १२ लाख असून बहुसंख्य लोक ग्रामीण भागात राहतात. खरिपात सोयाबीन व तूर, रब्बीत हरभरा व गहू ही येथील मुख्य पिके होत. शेतातला माल कच्च्या स्वरूपात बाजारात नेण्याऐवजी त्याची स्वच्छता, प्रतवारी व प्रक्रिया गावातच व्हावी आणि त्यातून मिळणारा वाढीव पैसा गावातच राहावा, हा विचार आता खेडोपाडी रुजला आहे. कंपनी कायद्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीमुळे शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी स्थापन करता येऊ लागली. २०२० मध्ये केंद्र शासनाने दहा हजार शेतकरी उत्पादक संस्थांची योजना हाती घेतली. त्यामुळे शेतकऱ्यांच्या कंपन्या आणि महिलांचे बचत गट यांच्यापुढे आज नव्या प्रकारचे प्रश्न उभे आहेत. डाळ मिल घालावी की नाही? गोदाम केवढे बांधावे? नव्या पिकाकडे वळावे काय?

हे निर्णय व्यापारी स्वरूपाचे आहेत आणि त्यात गुंतणारे भांडवल सभासदांच्या कष्टाचे असते. निर्णय चुकला तर यंत्र अर्ध्या किमतीत का होईना विकता येते. परंतु ज्यांनी पदराला खार लावून भाग घेतले, त्यांचा विश्वास पुन्हा मिळत नाही. एकदा पोळलेले गाव दुसऱ्यांदा एकत्र येण्यास सहसा तयार होत नाही. म्हणूनच पैसा गुंतवण्यापूर्वी थोडा वेळ व थोडा खर्च माहिती मिळवण्यावर करणे हे शहाणपणाचे ठरते. या कामाची जी शिस्त, तिलाच संशोधनपद्धती असे म्हणतात.

संशोधन म्हणजे काय?

संशोधन हा शब्द ऐकताच विद्यापीठ, प्रयोगशाळा व जाडजूड ग्रंथ डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात त्याचा अर्थ साधा आहे. एका निश्चित प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी पद्धतशीरपणे माहिती मिळवणे, ती पारखून घेणे आणि तिच्या आधारे निष्कर्ष काढणे म्हणजे संशोधन. गावात एरवी निर्णय कसे होतात ते पाहिले म्हणजे पद्धतशीर या शब्दाचे महत्त्व ध्यानात येईल. शेजारच्या तालुक्यात एकाचा धंदा चालला असे कानावर येते. यंत्र विकणारा आपल्या पत्रकातील आकडे दाखवतो. पारावर जमलेले पाचसात जण माना डोलावतात आणि ठराव होतो. यात कोणाचा हेतू वाईट असतो असे नाही. परंतु ज्यांचा धंदा बसला ते आपली हकीकत सांगत फिरत नाहीत आणि जे पारावर येत नाहीत त्यांचे मत कोणी विचारलेले नसते. या दोन्ही उणिवा दूर करणे हे संशोधनपद्धतीचे पहिले काम होय.

महाराष्ट्राची परंपरा

या शास्त्राची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेची स्थापना १९३० मध्ये झाली. तिचे पहिले संचालक प्रा. धनंजयराव गाडगीळ यांनी आरंभीच जो विषय हाती घेतला तो पुण्यातील फळांच्या विक्रीव्यवस्थेचा. फळे कोठून येतात, कोणाच्या हातून जातात आणि कशी विकली जातात, याची ती पाहणी १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे १९४० मध्ये वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी प्रकाशित झाली. शेतीकडे एक व्यवसाय म्हणून पाहून तिचा जमाखर्च प्रत्यक्ष शेतकऱ्यांकडून मिळवण्याचा हा प्रयत्न होता.

वऱ्हाडच्या वाचकांना अधिक जवळचे वाटेल असे उदाहरण कापसाचे आहे. पूर्वी पिकाचा अंदाज नजरेने केला जाई. पीक किती आणे आले हे पाहून साऱ्या भागाचे उत्पन्न ठरवण्यात येई. नजर ही माणसागणिक बदलते, हा या पद्धतीतील मुख्य दोष होता. १९४० नंतरच्या काही वर्षांत डॉ. वि. गो. पानसे आणि डॉ. कलमकर यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील कापसाच्या उत्पन्नाचा अंदाज यादृच्छिक नमुना पद्धतीने करण्याचे काम केले. यात गाव, गावातील शेत आणि शेतातील तुकडा यांची निवड कोणाच्याही मर्जीवर न ठेवता चिठ्ठी टाकावी त्याप्रमाणे होते आणि निवडलेल्या तुकड्यातील पीक प्रत्यक्ष मोजले जाते. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी भारतीय कृषी संशोधन परिषदेत हीच पद्धत इतर पिकांसाठी विकसित केली. आज पीक विम्याच्या निमित्ताने ग्रामपंचायत सदस्यांना जो पीक कापणी प्रयोग परिचयाचा झाला आहे, त्याचे मूळ या कामात आहे.

डॉ. सुखात्मे यांनी दाखवून दिलेली एक गोष्ट व्यवसायाची पाहणी करणाऱ्यांनीही लक्षात ठेवण्यासारखी आहे. कापणीसाठी तुकडा फार लहान घेतला तर हद्दीवरची झाडे आत मोजली जाण्याची प्रवृत्ती असते आणि उत्पन्न खऱ्यापेक्षा अधिक दिसते. असे लहान तुकडे शंभरऐवजी हजार घेतले तरी ही चूक कमी होत नाही. कारण ती संख्येची नसून मोजण्याच्या रीतीची असते. पुष्कळ लोकांना विचारले म्हणजे उत्तर बरोबर आले, हा समज म्हणूनच पुरता खरा नाही.

प्रथम प्रश्न, मग माहिती

आता एक उदाहरण घेऊ. ते कल्पित असून त्यातील आकडे केवळ समजुतीसाठी योजले आहेत. समजा, जवळजवळच्या सहा गावांतील शेतकऱ्यांची एक उत्पादक कंपनी आहे. या गावांत तूर पिकवणारी १,२०० कुटुंबे आहेत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी डाळ मिल काही संचालकांनी पाहिली आणि तशी मिल आपल्याकडे असावी असे त्यांना वाटले. लोकांच्या तुरीची डाळ करून द्यावी व त्याची मजुरी घ्यावी, अशी योजना आहे.

‘डाळ मिल चांगली आहे काय?’ हा संशोधनाचा प्रश्न होऊ शकत नाही. त्याचे उत्तर नेहमीच होकारार्थी येईल. खरा प्रश्न असा मांडावा लागेल : ‘या सहा गावांतून वर्षाला किती क्विंटल तूर मिलकडे येईल आणि ती मिलचा खर्च भागवण्यास पुरेशी आहे काय?’ असा प्रश्न लिहून काढला की कोणती माहिती हवी आणि कोणती नको हे आपोआप ठरते. त्याच वेळी आणखी एक गोष्ट लिहून ठेवावी. उत्तर अमुक आकड्यापेक्षा जास्त आले तर मिल घ्यायची. कमी आले तर घ्यायची नाही. हा आकडा माहिती गोळा करण्यापूर्वी ठरवणे आवश्यक आहे. नंतर ठरवल्यास मनाजोगता निष्कर्ष काढण्याचा मोह सुटत नाही.

आपल्या उदाहरणात हा आकडा कसा निघतो ते पाहू. यंत्रे, शेड व वीजजोडणी मिळून १२ लाख रुपये लागतील असे धरू. दहा वर्षांचे आयुष्य धरून घसारा दरसाल १,२०,००० रुपये. दहा टक्क्यांनी व्याज १,२०,००० रुपये. दरमहा १२,००० रुपयांप्रमाणे चालकाचा पगार १,४४,००० रुपये. विमा व देखभाल ३६,००० रुपये. एकूण स्थिर खर्च ४,२०,००० रुपये झाला. मिल बंद राहिली तरी हा खर्च चुकत नाही. डाळ करण्याची मजुरी क्विंटलमागे ३०० रुपये आणि वीज, मजूर इत्यादींचा खर्च १६० रुपये धरला तर क्विंटलमागे १४० रुपये उरतात. ४,२०,००० ला १४० ने भागल्यास ३,००० येतात. म्हणजे वर्षाला ३,००० क्विंटल तूर आली तर ना नफा ना तोटा. त्याखाली प्रत्येक क्विंटल सभासदांच्या भांडवलातून जाईल.

जी माहिती हाताशी आहे ती आधी

नवी माहिती गोळा करणे खर्चाचे असते. म्हणून कोणीतरी आधीच गोळा केलेली, म्हणजे दुय्यम माहिती प्रथम पाहावी. जिल्हा सांख्यिकी कार्यालयाकडे जिल्ह्याचे सामाजिक व आर्थिक समालोचन असते. बाजार समितीकडे प्रत्येक शेतमालाची आवक व भाव यांची दैनिक नोंद असते. २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीमुळे गावातील पीकपेरा नोंदलेला आढळतो. कृषी विभागाकडे उत्पादकतेचे आकडे मिळतात. रिसोड तालुक्यातील करडा येथील कृषी विज्ञान केंद्रासारख्या संस्थेत तांत्रिक सल्ला मिळू शकतो.

ही माहिती वापरताना ती कोणी, कशासाठी आणि केव्हा गोळा केली हे विचारात घ्यावे. बाजार समितीची आवक म्हणजे त्या परिसरातील उत्पादन नव्हे. दुसऱ्या तालुक्याचा माल तेथे येतो आणि आपला माल दुसरीकडे जातो. एका वर्षाचा भाव म्हणजे नेहमीचा भाव नव्हे. निदान पाच वर्षांचे आकडे शेजारी मांडल्याशिवाय कल कळत नाही. आपल्या उदाहरणात या कागदपत्रांवरून सहा गावांत तूर किती पिकते हे कळेल. परंतु त्यातली किती तूर शेतकरी डाळ करण्यासाठी आणतील हे कळणार नाही. त्यासाठी लोकांकडेच गेले पाहिजे.

नमुना कसा निवडावा?

१,२०० कुटुंबांना विचारणे शक्य नसले तर काहींना विचारून सर्वांविषयी अंदाज करता येतो. भात शिजला की नाही हे चार शितांवरून कळते. मात्र भांडे चांगले ढवळलेले असले पाहिजे. नमुन्यातील ढवळणे म्हणजे प्रत्येक कुटुंबाला निवडले जाण्याची सारखी संधी देणे.

त्यासाठी प्रथम पूर्ण यादी हवी. येथेच बहुतेक पाहण्या फसतात. आठ-अ च्या खातेदारांवरून यादी केली तर बटईने वा मक्त्याने शेती करणारे सुटतात. गावठाणातील घरांवरून केली तर शेतात वस्ती करून राहणारे सुटतात. मानोऱ्यासारख्या तालुक्यात तांड्यांची वस्ती मोठी आहे. यादीतून तांडा वगळला गेला तर पाहणी कितीही काळजीपूर्वक केली तरी तिचे उत्तर अर्धवटच राहील. यादी तयार करताना शिक्षक, अंगणवाडी सेविका व ग्रामपंचायत कर्मचारी यांच्या माहितीचा मोठा उपयोग होतो.

यादी झाली की निवड सोपी आहे. १,२०० मधून ६० कुटुंबे हवी असतील तर १,२०० ला ६० ने भागावे. अंतर २० येते. १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्यांतून एक काढावी. ७ आला तर सातवे, सत्ताविसावे, सत्तेचाळिसावे याप्रमाणे पुढे जावे. निवडलेले घर बंद आढळले म्हणून शेजारच्या घरी विचारून मोकळे होऊ नये, पुन्हा जावे. दिवसा कुलूप असलेली घरे बहुधा मजुरीला जाणाऱ्यांची असतात आणि त्यांना वगळणे म्हणजे एका संपूर्ण वर्गाला वगळणे होय.

नमुना किती मोठा असावा, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. मोठ्या समूहाविषयी ‘किती टक्के लोक’ अशा स्वरूपाचे उत्तर हवे असेल तर १०० जणांच्या यादृच्छिक नमुन्यात सुमारे दहा टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकते. ४०० जणांच्या नमुन्यात सुमारे पाच टक्के. म्हणजे चूक निम्मी करायची तर नमुना चौपट करावा लागतो. तेव्हा निर्णयाला जेवढी अचूकता लागते तेवढाच खर्च करावा.

प्रश्न कसे विचारावेत?

प्रश्नावली छोटी, सोपी आणि लोकांच्या बोलीत असावी. ‘गावात डाळ मिल झाली तर तुम्ही तूर आणाल ना?’ या प्रश्नातील ‘ना’ हा शब्दच उत्तर ठरवून टाकतो. विचारणारा कंपनीचा संचालक असेल तर नाही म्हणणे आणखी अवघड जाते. शक्य तर विचारणारी व्यक्ती त्या गावाबाहेरची असावी.

सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, पुढे काय कराल यापेक्षा मागे काय केले हे विचारावे. आपल्या उदाहरणात ६० कुटुंबांना दोन प्रश्न विचारले असे समजू. ‘मिल झाल्यास किती तूर आणाल?’ याचे सरासरी उत्तर आले ८ क्विंटल. १,२०० कुटुंबांचा हिशेब ९,६०० क्विंटल होतो. म्हणजे मिल दणक्यात चालेल. दुसरा प्रश्न होता, ‘गेल्या वर्षी किती तुरीची डाळ करून घेतली, कोठे आणि काय मजुरी दिली?’ याचे सरासरी उत्तर आले दीड क्विंटल. त्याचा हिशेब १,८०० क्विंटल होतो. नमुन्यातील चुकीला भरपूर वाव ठेवून सरासरी दोन क्विंटल धरली तरी २,४०० क्विंटलच्या पुढे आकडा जात नाही. आवश्यक होते ३,०००. लोक खोटे बोलले असे यात मुळीच नाही. गावात काही चांगले व्हावे ही त्यांची इच्छा पहिल्या उत्तरात आहे. घरची गरज दुसऱ्या उत्तरात आहे. तूर निघाली की देणी भागवण्यासाठी बरीचशी लगेच बाजारात जाते, ही वस्तुस्थिती पहिल्या प्रश्नाने उघड होत नाही.

उत्तर कोणाकडून घ्यावे हेही पाहिले पाहिजे. वर्षाच्या डाळीचा अंदाज घरातील स्त्रीला अधिक नेमका असतो. कुटुंबप्रमुखालाच विचारण्याच्या सवयीने ही माहिती हातची जाते. प्रश्नावली छापण्यापूर्वी आठदहा घरी तिची चाचणी घ्यावी. कोणता प्रश्न लोकांना समजत नाही हे तेव्हाच कळते. आजकाल मोबाईलवर माहिती भरण्याची सोय झाली आहे. तिने वेळ वाचतो. परंतु चुकीचा प्रश्न मोबाईलवर विचारला म्हणून बरोबर होत नाही.

आकड्यांना जोड म्हणून गटचर्चाही घ्यावी. किती, हे आकड्यांनी कळते; का, हे मोकळ्या बोलण्यातून कळते. शेतकरी सध्याच्या मिलकडे का जातात, तेथे उधारी मिळते काय, चुरी व टरफल परत मिळते काय, अशा गोष्टी प्रश्नावलीत सुचत नाहीत.

अनुदानाचा विचार

या टप्प्यावर कोणी म्हणेल की, निम्मे अनुदान मिळाले तर? हाही हिशेब मांडून पाहावा. स्वतःचे भांडवल ६ लाख झाल्यास घसारा व व्याज निम्मे होऊन स्थिर खर्च ३ लाखांवर येतो आणि लागणारी तूर सुमारे २,१४३ क्विंटल होते. अपेक्षित १,८०० पेक्षा ती अजूनही अधिक आहे; मात्र २,४०० या आशादायक अंदाजापेक्षा कमी आहे. म्हणजे अनुदानाने धोका घटतो, नाहीसा होत नाही. शिवाय दहा वर्षांनी यंत्र बदलावे लागेल तेव्हा पुन्हा अनुदान मिळेलच असे गृहीत धरता येत नाही. अनुदान आहे म्हणून उद्योग काढणे आणि उद्योग चालण्यासारखा आहे म्हणून अनुदान घेणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

छोट्या प्रमाणावर प्रयोग

उत्तर असे काठावर आले की प्रयोगाचा मार्ग उपयोगी पडतो. एका हंगामासाठी यंत्र भाड्याने घेऊन दोन गावांत डाळ करून द्यावी आणि आलेल्या प्रत्येक क्विंटलची नोंद ठेवावी. उरलेल्या चार गावांपैकी दोन तशाच परिस्थितीची गावे तुलनेसाठी निवडावी व तेथेही लोकांनी किती डाळ करून घेतली हे विचारावे. तुलना नसेल तर फसगत होते. त्या वर्षी तुरीचे भाव पडल्यामुळे सगळीकडेच लोकांनी तूर राखून डाळ केली असेल, तर ते यश आपल्या मिलचे नव्हे. हरभरा, मूग व उडीद यांची डाळ करून वर्षातील अधिक महिने यंत्र चालते काय, हेही याच प्रयोगात पाहता येईल. दोन महिने चालणारे आणि दहा महिने उभे राहणारे यंत्र कितीही उत्तम असले तरी परवडत नाही.

हाच विचार नव्या पिकालाही लागू पडतो. जिल्ह्यातील काही शेतकरी अलीकडे चियासारखे पीक घेऊ लागले आहेत. अशा वेळी पहिल्या वर्षाच्या भावापेक्षा खरेदीदार किती आहेत, ते किती माल घेतील आणि लागवड दुप्पट झाल्यास भावाचे काय होईल, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात.

निष्कर्ष लोकांपुढे ठेवावेत

पाहणीचा अहवाल चारपाच पानांचा पुरे. प्रश्न काय होता, कोणाला व कसे विचारले, उत्तर काय आले, त्यात चूक किती असू शकते आणि निर्णय काय सुचतो, एवढे त्यात असावे. कोणा कुटुंबाचे उत्पन्न वा कर्ज नावानिशी प्रसिद्ध करू नये. माहिती देताना लोकांनी टाकलेला विश्वास जपणे हे पाहणी करणाऱ्याचे कर्तव्य आहे. अहवाल सभासदांच्या सभेत वाचून दाखवावा व आकड्यांवर शंका विचारण्यास मोकळीक द्यावी. प्रतिकूल निष्कर्ष दडपण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्या उदाहरणातील पाहणीने ‘मिल घेऊ नका’ एवढेच सांगितलेले नाही. किती तूर कमी पडते आणि ती कोठून मिळवावी लागेल हेही सांगितले आहे. आणखी गावे जोडणे, इतर कडधान्ये घेणे किंवा लहान क्षमतेचे यंत्र बसवणे, असे तीन मार्ग त्यातून निघतात.

या कामात ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांना मोलाचा हातभार लावता येईल. ग्रामपंचायतीने घरांची यादी अद्ययावत ठेवावी. शाळेतील वरच्या वर्गांच्या विद्यार्थ्यांना शिक्षकांनी यादीतून नमुना काढणे, सरासरी काढणे यांचे धडे गावातील खऱ्या आकड्यांवरून द्यावेत. गणिताचा तास त्यामुळे अधिक जिवंत होईल. विस्तार अधिकाऱ्यांनी प्रकल्प अहवाल तपासताना आकड्यांच्या बेरजेबरोबरच ते आकडे कोणाला विचारून आले, हा एक प्रश्न अवश्य विचारावा. साठ घरी जाऊन केलेल्या पाहणीला आठपंधरा दिवस लागतात. बारा लाखांचा निर्णय घेण्यापूर्वी तेवढे दिवस थांबणे कोणत्याही गावाला परवडण्यासारखे आहे.